विचारल्याशिवाय न सांगणारी यंत्रं

नवं उपकरण कॉम्प्युटरला जोडलं, की मी सगळ्यात आधी त्याला त्याची ओळख विचारते. मल्टिमीटर असो, पॉवर सप्लाय असो की ऑसिलोस्कोप, प्रश्न एकच असतो: *आयडीएन? उत्तरात स्वल्पविरामाने तोडलेल्या चार गोष्टी येतात. कोणत्या कंपनीचं, कोणतं मॉडेल, अनुक्रमांक काय आणि आतलं सॉफ्टवेअर कितव्या आवृत्तीचं. ही ओळ मी मोजमापाच्या प्रत्येक फाइलच्या डोक्यावर जशीच्या तशी लिहून ठेवते. पुढेमागे कुणी विचारलं की हे आकडे कोणत्या मीटरवर घेतले, तर आठवणीवर विसंबायची वेळ येत नाही. एकाच मॉडेलचे दोन मीटर शेजारी शेजारी असतात, दिसायला अगदी सारखे, आणि त्यातल्या एकाचं कॅलिब्रेशन, म्हणजे खात्रीच्या प्रमाणाशी ताडून पाहणं, होऊन बराच काळ लोटलेला असतो. अनुक्रमांक लिहिलेला नसेल तर ते आकडे कुणाचे हे नंतर कोण सांगणार?

प्रयोगशाळेतली उपकरणं कॉम्प्युटरवरून चालवण्याबद्दल बोलताना लोक बहुतेक वेळा हुकमाबद्दल बोलतात. इथून कमांड दिली, तिकडे व्होल्टेज बदललं. पहिल्यांदा तसं होताना पाहिलं की आनंद होतो, मलाही झाला होता. पण या कामात जशी वर्षं गेली तसं माझं मत बदलत गेलं. हुकूम देणं हा या कामाचा लहानसा भाग आहे. मोठा भाग विचारण्याचा आहे. काय विचारायचं, कधी विचारायचं, आलेलं उत्तर आपल्याच प्रश्नाचं आहे हे कसं ओळखायचं, आणि जे विचारलंच नाही ते आपल्याला कळणार नाही हे सतत ध्यानात कसं ठेवायचं.

टेबलापाशी बसून हाताने मोजमाप घेणाऱ्याला न विचारता कितीतरी कळत असतं. मीटरने रेंज, म्हणजे कुठवर मोजायचं ती पट्टी, बदलली की आतल्या रिलेचा, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचचा, ‘टक’ आवाज कानावर येतो. शेवटचा आकडा नाचतोय की स्थिर आहे ते दिसतं. पॉवर सप्लायचा पंखा अचानक जोरात फिरू लागला तर हात आपोआप नॉबकडे जातो. रेझिस्टर तापला तर त्याचा वास येतो. यातलं एकही निरीक्षण आपण वहीत लिहीत नाही, पण वहीतल्या आकड्यांवरचा आपला विश्वास त्यावरच उभा असतो. कॉम्प्युटरवरून काम करताना हे सगळं गळून पडतं आणि हातात उरतो फक्त आकडा.

आणि तो आकडाही कसा! मीटरच्या मर्यादेबाहेरचं काही मोजायला दिलं, तर त्याच्या पडद्यावर ‘ओव्हरलोड’ असं ठळक दिसतं. तोच मीटर कॉम्प्युटरला मात्र ९.९ गुणिले १० चा ३७ वा घात असा आकडा पाठवतो. हा ठरवून दिलेला संकेत आहे. त्याचा अर्थ ‘मोजता येत नाही’ एवढाच. पण प्रोग्रामला तो अर्थ कुणी सांगितला नसेल, तर त्याच्या लेखी ती एक संख्याच. शंभर रिडिंगची सरासरी काढताना असं एक जरी आत शिरलं तरी बाकीच्या नव्याण्णवांना काही किंमत राहत नाही. इथे निदान चूक इतकी मोठी असते की डोळ्यांत भरते. मला जास्त काळजी वाटते ती समंजस दिसणाऱ्या आकड्यांची. त्यांच्याकडे येते.

त्याआधी थोडं मागे जावं लागेल, कारण विचारायचं कसं आणि उत्तराची वाट कशी पाहायची, याचा फार सुंदर विचार पन्नासेक वर्षांपूर्वीच झाला होता. ह्युलेट पॅकार्ड कंपनीने १९६०च्या दशकाच्या अखेरीस आपली उपकरणं एकमेकांना जोडण्यासाठी एक केबल आणि तिचे नियम तयार केले. १९७५ मध्ये ते आयट्रिपलई ४८८ या नावाने सर्वांसाठी मानक झाले. आपण तिला जीपीआयबी म्हणतो. जाड, अवजड केबल, टोकाला २४ पिनांचा कनेक्टर, आणि त्या कनेक्टरच्या पाठीवर दुसरा बसवता येईल अशी सोय. एकावर एक असे तीन चार कनेक्टर चढवलेले मीटरच्या पाठीमागे दिसतात, ते हेच. एका बसवर, म्हणजे अशा एका सामाईक केबलवर, कंट्रोलर (सगळ्यांना हुकूम देणारा कॉम्प्युटर) धरून १५ उपकरणं, एकूण केबल २० मीटरपर्यंत. प्रत्येकाला ० ते ३० मधला आपापला पत्ता. जुन्या उपकरणांत हा पत्ता मागच्या बाजूच्या इवल्याशा स्विचांनी ठरवायचा, आणि दोघांना एकच पत्ता दिला गेला तर कोण बोलतंय ते कुणालाच कळत नाही.

माझं या केबलवर प्रेम आहे ते तिच्यातल्या तीन तारांमुळे. आठ तारांवरून एका वेळी एक अक्षर जातं, आणि ते नीट पोचावं म्हणून या तीन तारा राबतात. पहिली तार बोलणाऱ्याच्या ताब्यात असते; ती सांगते, ‘अक्षर ठेवलंय, घ्या.’ उरलेल्या दोन ऐकणाऱ्यांच्या. एक म्हणते, ‘अजून तयार नाही.’ दुसरी म्हणते, ‘अजून घेतलेलं नाही.’ खुबी अशी की या दोन तारा सगळ्या ऐकणाऱ्यांत सामाईक आहेत. कुणी एकानेही तार खाली ओढून धरली तरी ती खालीच राहते. सगळ्यांनी सोडली तरच वर येते. म्हणजे बोलणारा पुढचं अक्षर तेव्हाच ठेवतो, जेव्हा ऐकणाऱ्यांतला शेवटचा, सगळ्यात सावकाश असलेलासुद्धा, तयार झालेला असतो. आणि मागे घेतो तेही त्या शेवटच्याने ते घेतल्यावरच. *आयडीएन? एवढं विचारायचं तर पाच चिन्हं आणि ओळ संपल्याची एक खूण, म्हणजे सहा वेळा हा सगळा विधी पार पडतो. यात घड्याळ कुठेच नाही. अमुक मायक्रोसेकंदात घेतलं नाहीस तर तुझं तू बघ, असं कुणी कुणाला म्हणत नाही. वेगवान आणि मंद उपकरणं एकाच तारेवर सुखाने नांदतात ती यामुळे. आजच्या नेटवर्कच्या वेगापुढे ही केबल संथ आहे, हे कबूल. पण अक्षर पोचलं की नाही याबद्दल तिने संशयाला जागा ठेवलेली नाही.

याच केबलमध्ये आणखी एक तार आहे, तिचा उल्लेख करायलाच हवा, कारण माझ्या म्हणण्याला ती अपवाद आहे. तिला एसआरक्यू म्हणतात. उपकरण या तारेवरून आपण होऊन हात वर करू शकतं: ‘माझ्याकडे लक्ष द्या.’ तार सगळ्यांची मिळून एक, त्यामुळे हात कुणी वर केला ते कळत नाही. कंट्रोलरला एकेकाकडे जाऊन ‘तू का?’ असं विचारत फिरावं लागतं. आणि तरीही, कोणत्या कारणासाठी हात वर करायचा हे त्या उपकरणाला आपण आधी सांगून ठेवलेलं असावं लागतं. सांगितलं नसेल तर ते गप्प राहतं. तेव्हा अपवाद म्हटला तरी तिथेही विचार आधी माणसालाच करावा लागतो.

केबल ठरली तरी भाषा ठरलेली नव्हती. प्रत्येक कंपनीच्या, बऱ्याचदा एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांच्या कमांड वेगळ्या. १९८७ मध्ये ४८८.२ या मानकाने काही समान कमांड घालून दिल्या, त्या तारका लावलेल्या. १९९० मध्ये स्किपी ही कमांडची सामाईक भाषा आली आणि मोजमापाच्या कमांडनाही एक झाडासारखी मांडणी मिळाली: मेझर, त्याखाली व्होल्टेज, त्याखाली डीसी. एका कंपनीचा मीटर काढून दुसरीचा लावला तरी प्रोग्राम बराचसा तसाच चालावा, ही त्यामागची इच्छा. पूर्ण साधलं असं म्हणता येणार नाही, पण बरंच साधलं. त्याच्या जरा आधीची उपकरणंही अजून कामात आहेत. १९८९ च्या सुमाराचा साडेआठ अंकी एचपी ३४५८ए आजही अनेक कॅलिब्रेशन प्रयोगशाळांत मानाने बसलेला आहे. त्याला तारका लावून ओळख विचारली तर तो ती भाषा जाणत नाही. त्याला नुसतं ‘आयडी?’ असं विचारावं लागतं. मला त्यात काही वावगं वाटत नाही. ज्याची मोजण्याची ताकद एवढी, त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलावं.

पुढे कॉम्प्युटर बदलले तशा तारा बदलल्या. आरएस २३२ ची सीरियल केबल तर आधीपासून होतीच. तिच्यात पाठवायची आणि घ्यायची तार उलटसुलट झाली किंवा वेग जुळला नाही, की पडद्यावर कचरा. मग यूएसबी आलं, मग नेटवर्क. नेटवर्कवरच्या उपकरणांसाठी एलएक्सआय हे मानक २००५ मध्ये आलं. प्रोग्राम लिहिण्याची बाजूही सोपी होत गेली. जेम्स ट्रुचर्ड, जेफ कोडोस्की आणि बिल नोलिन यांनी १९७६ मध्ये नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स सुरू केली, कॉम्प्युटरला जीपीआयबी जोडणारी कार्डं बनवली आणि १९८६ मध्ये लॅबव्ह्यू आणलं, ज्यात प्रोग्राम लिहायचा नसून चित्रासारखा जोडायचा असतो. आज मी आणि माझ्या ओळखीचे बरेच जण पायथन वापरतो. खाली व्हिसा नावाचा थर असतो. तार कोणतीही असो, तो वरच्या प्रोग्रामला एकसारखं तोंड दाखवतो. सोय मोठी आहे. पण तार कोणती आहे हे विसरायला लावते, आणि ते विसरणं कधी कधी महागात पडतं.

आता त्या समंजस दिसणाऱ्या आकड्यांकडे. एका सहकाऱ्याने एकदा माझ्यापुढे एक आलेख ठेवला. एका स्रोताचं व्होल्टेज शून्यापासून हळूहळू १५ व्होल्टपर्यंत चढवत नेलं होतं आणि मीटरने ते मोजलं होतं. सगळं कॉम्प्युटरवरून, माणसाचा हात न लागता. रेषा सरळ वर जात होती, १२ व्होल्टपर्यंत. तिथे एकदम खाली येऊन ११ च्या आसपास आली आणि मग पुन्हा चढू लागली, पण आधीपेक्षा कमी उताराने. १२ व्होल्टला त्या सर्किटमध्ये काहीतरी वहायला लागतंय, असा त्याचा अंदाज होता. अंदाज चुकीचा म्हणावा असा नव्हताच. असं वागणारे घटक असतात.

मीटर ऑटोरेंजवर होता. त्याची १० व्होल्टची रेंज २० टक्के वरपर्यंत, म्हणजे १२ व्होल्टपर्यंत मोजते आणि मग मीटर आपण होऊन १०० व्होल्टच्या रेंजवर जातो. खालच्या रेंजना त्याचा इनपुट रोध, म्हणजे आत शिरणाऱ्या प्रवाहाला तो करतो तो अडथळा, १० गिगओहमच्या (१० हजार मेगओहमच्या) वर ठेवण्याची सोय चालू केलेली होती. १०० च्या रेंजला मात्र तो १० मेगओहमच असतो. मोजायच्या स्रोताचा स्वतःचा रोध होता १ मेगओहम. खालच्या रेंजवर मीटर स्रोतातून जवळपास काहीच प्रवाह ओढत नव्हता. वरच्या रेंजवर गेल्यावर १ आणि १० मेगओहमची वाटणी झाली आणि मीटरच्या वाट्याला अकरातले दहा हिस्से आले. १२.१ व्होल्ट असताना त्याने ११ दाखवले. उतार कमी झाला तोही याच प्रमाणात. आलेखावरची पायरी सर्किटची नव्हती, मीटरची होती.

टेबलापाशी बसलेल्या माणसाला त्या क्षणी रिलेचा ‘टक’ ऐकू आला असता. आवाज आणि आकड्याची उडी एकाच वेळी झाली, हे लक्षात यायला फार अक्कल लागत नाही. फाइलमध्ये आवाज नसतो. म्हणून तेव्हापासून दोन गोष्टी मी जिला तिला सांगते. रेंज आपण ठरवायची, मीटरवर सोडायची नाही. आणि सोडावीच लागली, तर प्रत्येक रिडिंगबरोबर ‘आत्ता कोणत्या रेंजवर आहेस?’ हेही विचारायचं आणि शेजारच्या रकान्यात लिहायचं. एका जादा प्रश्नाने वेळ थोडा वाढतो. वाढू दे.

दुसरी गोष्ट याहून फसवी आहे, कारण तिच्यात एकही आकडा खोटा नसतो.

मीटर मेन्सच्या, म्हणजे भिंतीतल्या प्लगमधून येणाऱ्या विजेच्या, गुणगुणीपासून सुटका करून घेण्यासाठी आवर्तनांच्या पूर्ण पटीत मोजतो. ५० हर्ट्झच्या मेन्सवर एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. १०० आवर्तनांवर सरासरी घ्यायला सांगितली तर २ सेकंद लागतात. शिवाय ऑटोझीरो चालू असेल तर प्रत्येक रिडिंगला मीटर स्वतःचं शून्यही तेवढाच वेळ मोजतो, म्हणजे जवळजवळ ४ सेकंद. इकडे व्हिसाच्या लायब्ररीत उत्तराची वाट पाहण्याची मुदत मुळात बहुधा २ सेकंदांची ठेवलेली असते. प्रोग्राम विचारतो, २ सेकंद थांबतो, ‘टाइमआउट’ म्हणतो. घाईत लिहिलेला प्रोग्राम ती चूक गिळतो आणि पुढचा प्रश्न विचारायला जातो. मीटर बिचारा मन लावून मोजत असतो. त्याचं उत्तर तयार होतं, तो ते पाठवतो, आणि ते नेटवर्कच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, येऊन पडतं. पुढच्या प्रश्नानंतर प्रोग्राम जे पहिलं उत्तर उचलतो, ते मागच्या प्रश्नाचं असतं.

इथून पुढे सगळी उत्तरं एका घराने सरकलेली. व्होल्टेज आणि करंट आळीपाळीने विचारत असाल, तर व्होल्टेजच्या रकान्यात करंट आणि करंटच्या रकान्यात व्होल्टेज. ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर असेल तर निदान दिसेल तरी. पण दोन सेन्सरची तापमानं विचारत असाल, आणि दोन्ही एकमेकांच्या जवळपास असतील, तर दिसणारही नाही. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत असाल, तर आकडे सगळे बरोबर आणि वेळा सगळ्या चुकीच्या. जुन्या जीपीआयबीवर ४८८.२ पाळणारं उपकरण नवा प्रश्न आला की न उचललेलं जुनं उत्तर टाकून देतं आणि उणे ४१० ही नोंद चुकांच्या यादीत करतं: प्रश्न मध्येच तोडला गेला. नेटवर्कच्या साध्या सॉकेटवर, म्हणजे नुसती अक्षरं नेणाऱ्या थेट जोडणीवर, असं कुणी लक्ष ठेवत नाही. २०१० मध्ये आलेल्या हायस्लिप या पद्धतीत प्रत्येक संदेशाला क्रमांक असतो आणि शिळं उत्तर ओळखून बाजूला काढता येतं. उपकरणात ही सोय असेल तर तीच वापरावी, असं माझं स्पष्ट मत आहे. नसेल, तर टाइमआउट झाल्यावर एक पाऊलही पुढे टाकू नये. बफर रिकामा करावा, ज्याचं उत्तर आपल्याला पाठ आहे असा प्रश्न विचारावा, *आयडीएन? हा प्रश्न त्यासाठी उत्तम, आणि तेच उत्तर हातात आल्यावर मग मोजमाप पुन्हा सुरू करावं. मधला तुकडा गाळला गेला तर फाइलमध्ये गाळला असं लिहावं.

कमांडचंही असंच. कमांड गेली याचा अर्थ ती ऐकली गेली असा नाही. कमांडमध्ये एक अक्षर चुकलं तर उपकरण फार तर एकदा ‘बीप’ करतं आणि आपल्या जुन्या सेटिंगवर शांतपणे काम करत राहतं. दुसऱ्या खोलीत बसलेल्याला बीप कुठून ऐकू येणार? चूक मात्र त्याने नोंदवून ठेवलेली असते. विचारलं तर सांगतं: उणे ११३, ही कमांड मला माहीत नाही. उणे २२२, दिलेला आकडा मर्यादेबाहेरचा आहे. ही यादी रांगेसारखी असते, आधीची चूक आधी बाहेर येते, आणि एकेक विचारत ‘० – चूक नाही’ असं उत्तर येईपर्यंत ती उपसावी लागते. सेटिंगच्या प्रत्येक गठ्ठ्यानंतर मी ती उपसते. नव्याने शिकणाऱ्यांना हे कंटाळवाणं वाटतं, कारण बहुतेक वेळा उत्तर ‘चूक नाही’ हेच येतं. पण ते उत्तर फाइलमध्ये असणं आणि नसणं यात फार फरक आहे.

ऐकली गेली म्हणजे झाली, असंही नाही. *ओपीसी? विचारलं की उपकरण हातातलं काम संपल्यावर १ असं उत्तर देतं. हातातलं म्हणजे त्याच्या स्वतःच्या हातातलं. पॉवर सप्लायने नवा आकडा स्वीकारला, त्याचं काम संपलं. पण आउटपुटला मोठा कपॅसिटर असेल तर व्होल्टेज अजून चढत असेल. तापमानाच्या कपाटाचा सेन्सर ठरलेला अंश दाखवू लागला तरी आत ठेवलेल्या वस्तूच्या गाभ्यापर्यंत ती ऊब पोचायला बराच वेळ असतो. किती थांबायचं हे उपकरण सांगू शकत नाही. ते ज्याला वस्तू ठाऊक आहे त्याने ठरवायचं. मी सहसा ठरावीक वेळ थांबण्यापेक्षा पुन्हा पुन्हा विचारते, आणि लागोपाठची रिडिंग ठरलेल्या मर्यादेच्या आत आली की ती वस्तू स्थिरावली असं धरते. मर्यादा किती ठेवली, तीही फाइलमध्ये.

ज्या विषयात माझा आवाज नेहमी थोडा चढतो तो आता. पॉवर सप्लायला कॉम्प्युटर बंद पडल्याचं कळत नाही. तुमचा प्रोग्राम मध्येच कोसळला, लॅपटॉप झोपी गेला, नेटवर्कची तार कुणाच्या पायात अडकून निघाली, तरी त्याला शेवटचं जे सांगितलं होतं ते तो इमानाने करत राहतो. बॅटरी चार्ज होत असेल तर होत राहते. हीटर तापत असेल तर तापत राहतो. प्रोग्रामच्या शेवटी ‘आउटपुट बंद’ लिहिलेलं असून उपयोग नाही, कारण प्रोग्राम शेवटापर्यंत पोचलेलाच नाही. चूक झाली तरी चालणाऱ्या भागात ती ओळ हवी, हे तर झालंच. पण तार निघाली तर तीही ओळ पोचत नाही. म्हणून मर्यादा उपकरणाच्या आत लावून ठेवायच्या: जास्तीत जास्त व्होल्टेज, जास्तीत जास्त करंट, आणि काही सप्लायमध्ये वॉचडॉग असतो, म्हणजे ठरलेल्या वेळात कॉम्प्युटरकडून काहीच ऐकू आलं नाही तर तो स्वतः आउटपुट बंद करतो. त्याहून वर, ज्याने आग लागू शकते अशा कामात कॉम्प्युटरवर मुळीच अवलंबून नसलेला फ्यूज किंवा थर्मल कटआउट हवा. प्रोग्राम कितीही चांगला असो, या बाबतीत मी ऐकत नाही.

टेबलापाशी येणाऱ्या माणसाचाही विचार हवा. उपकरण दुरून चालू असताना त्याच्या पडद्यावर ‘रिमोट’ अशी खूण असते, पण ती बारीक असते आणि कोपऱ्यात असते. खोलीत आलेल्याला टेबल रिकामं दिसतं. तो क्लिप काढायला हात घालतो आणि त्याच क्षणी दूरवरचा प्रोग्राम पुढची पायरी चढतो. पुढच्या पॅनेलची बटणं कमांडने पूर्ण कुलूपबंद करता येतात. मोजमापात कुणी ढवळाढवळ करू नये म्हणून ते सोयीचं वाटतं. धोक्याचं व्होल्टेज असेल तिथे मी तसं कधीच करत नाही. समोर उभ्या असलेल्या माणसाला थांबवण्याचा हक्क दूर बसलेल्या माझ्यापेक्षा जास्त आहे. सप्लायवर जाड अक्षरांत लिहिलेला कागद चिकटवायचा: दुरून चालू आहे, हात लावण्याआधी हा स्विच बंद करा. आणि तो स्विच खरोखरच हाताशी असला पाहिजे.

नेटवर्कच्या बाबतीत आणखी एक. यातल्या बऱ्याच उपकरणांत साध्या सॉकेटवर, बहुधा ५०२५ क्रमांकाच्या पोर्टवर, जो येईल त्याचं ऐकलं जातं. परवलीचा शब्द नाही, तू कोण म्हणून विचारणं नाही. ही भाषा एका खोलीतल्या, एका केबलवरच्या मंडळींसाठी घडली; तिथे अनोळखी कुणी येणारच नव्हतं. तेव्हा असं उपकरण उघड्या इंटरनेटवर टांगणं म्हणजे वाटेवरच्या कुणाच्याही हातात नॉब देणं. घरून काम करायचं असेल तर व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या सुरक्षित खासगी वाटेने, आत यावं आणि उपकरणाशी प्रयोगशाळेतल्याच एखाद्या कॉम्प्युटरने बोलावं. तेवढ्याने लाइन तुटल्यावर प्रोग्राम अनाथ होण्याचा प्रश्नही बराच सुटतो, कारण प्रोग्राम तिथेच चालू असतो, आपण फक्त बघत असतो.

एवढं सांभाळायचं तर हाताने का नाही करायचं? असं मला विचारलं जातं, आणि विचारणाऱ्यांत अनुभवी लोकही असतात. रात्रभर दर मिनिटाला रिडिंग घेता येतं, हे उत्तर खरं आहे, पण माझ्यासाठी अपुरं आहे. एमआयटीत हेसूस देल आलामो यांनी १९९८ मध्ये विद्यार्थ्यांसाठी खऱ्या ट्रान्झिस्टरवरची मोजमापं वेबवरून घेण्याची सोय सुरू केली. जे उपकरण प्रत्येकाला एकेक देणं शक्य नाही, ते सगळ्यांच्या वाट्याला यावं, ही त्यातली कल्पना मला फार मोलाची वाटते. दुरून काम होण्याचा हाच मोठा फायदा, असं मी बरीच वर्षं धरून होते.

आता मला सगळ्यात जास्त किंमत वाटते ती प्रयोग लिहिला जाण्याची. हाताने केलेल्या कामात नॉब किती फिरवला, किती वेळ थांबले, कोणतं रिडिंग ‘हे काही खरं नाही’ म्हणून सोडून दिलं, यातलं बरंचसं वहीपर्यंत पोचत नाही. प्रोग्राममध्ये ते लिहावंच लागतं, नाहीतर तो चालत नाही. थांबलेला अर्धा सेकंद तिथे एक ओळ होऊन बसलेला असतो. गाळलेलं रिडिंग कोणत्या अटीवर गाळलं तेही दिसतं. आणि जे दिसतं त्याच्यावर वाद घालता येतो.

तसा वाद मध्यंतरी झाला. माझ्याबरोबर नव्याने काम करू लागलेल्या मुलीने माझी फाइल उघडली आणि विचारलं, “मॅडम, प्रत्येक पायरीनंतर तुम्ही दोन सेकंद का थांबता? सप्लाय तर पन्नास मिलिसेकंदांत पोचतो. रात्रीच्या कामाचे निम्मे तास इथेच जातात.” मी म्हटलं, “थांबणं कमी करून बघ, पण नुसतं शेवटचं रिडिंग घेऊ नकोस, पायरीनंतरची सगळी घे.” तिने घेतली. व्होल्टेज तिच्या म्हणण्याप्रमाणे पटकन पोचत होतं. पण चाचणीतला रेझिस्टर प्रत्येक पायरीनंतर जरासा तापत होता, आणि त्याचा रोध दोन सेकंदांनंतरही सरकतच होता. म्हणजे माझी दोन सेकंदं जास्त नव्हती, कमी होती. आम्ही ती ओळ काढून टाकली. तिच्या जागी तिने रोध स्थिरावेपर्यंत विचारत राहणारा भाग लिहिला, मर्यादा काय ठेवायची यावर पुन्हा तासभर बोललो, आणि आधीची सगळी मोजमापं त्याच रात्री नव्याने लावली.